मेंदूतील जंक्शन



मूर्तिजापूरचे स्टेशन आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलेले असेल. मुंबई-नागपूर हा साडेपाच फूट रुंदीचा मोठा मार्ग तेथून जातो. आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तेथेच अडीच फूट रुंदीचे दोन छोटे मार्ग येऊन मिळाले. एक यवतमाळकडून, दुसरा अचलपूरकडून. या छोट्या गाडीला लोक लाडाने ‘शकुंतला’ म्हणत. १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते. पुढे डिझेल आले आणि पुढे ती गाडीही थांबली. पण तिच्यात बसून परीक्षेला गेलेली, वरातीला गेलेली माणसे वऱ्हाडात गावोगाव भेटतात.

आज मला त्या गाडीतल्या माणसांविषयी नव्हे, तर कापसाविषयी बोलायचे आहे. यवतमाळकडचा कापूस छोट्या गाडीने मूर्तिजापूरला येई. पण तो डबा काही तसाच मुंबईला जाऊ शकत नसे. रुळांची रुंदीच निराळी! तेव्हा गाठी येथे उतरवायच्या आणि मोठ्या गाडीच्या वाघिणीत चढवायच्या. वरवर पाहता हा नुसता खटाटोप. परंतु जेथे माल उतरतो, तेथे निवड करायला जागा मिळते. कोणत्या गाठी आधी चढवायच्या, कोणत्या फलाटावर पडू द्यायच्या, हे तेथे ठरू शकते. आणि ठरवणारा शहाणा असेल, तर तो पुढच्या गावाहून काय मागणी आली आहे तिकडेही कान ठेवून असतो.

असेच एक जंक्शन आपल्या प्रत्येकाच्या डोक्यात आहे. त्याचे नाव थॅलॅमस. मूल शिकते ते कसे, आणि काही मुले शिकत नाहीत असे आपल्याला वाटते ते का, हे समजायचे तर या जंक्शनची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. खेड्यातील आईबापांनी आणि विशेषतः गुरुजींनी ती करून घ्यावी, म्हणून हे भाषण.

डोक्याच्या अगदी मधोमध, खोलवर, खारकेएवढे दोन लांबट गोळे असतात. एक डावीकडे, एक उजवीकडे. हाच थॅलॅमस. डोळ्यांनी पाहिलेले, कानांनी ऐकलेले, कातडीला लागलेले, जिभेला कळलेले, हे सगळे आधी तेथे येते आणि मग मेंदूच्या वरच्या सालीकडे जाते. एकटा वास तेवढा अपवाद आहे. फोडणीचा वास या जंक्शनवर न थांबता परस्पर पुढे जातो. बाकी सर्वांचा माल येथे उतरतो. म्हणजे असे की, डोळ्याकडून निघालेला चेतातंतू थॅलॅमसपाशी संपतो, तेथे दुसऱ्या पेशीच्या हाती निरोप देतो, आणि ती दुसरी पेशी तो वर पोहोचवते. दोन पेशी जेथे भेटतात त्या जागेला आपण सांधा म्हणू. शिकण्याची सगळी गंमत या सांध्यांत आहे.

मेंदूची ही वरची साल म्हणजे बाह्यक. इंग्रजी शिकलेले तिला कॉर्टेक्स म्हणतात. ती दोन ते चार मिलिमीटर, म्हणजे ज्वारीच्या भाकरीइतकी जाड असते. सुरकुत्या पाडून डोक्यात कोंबलेली आहे म्हणून बरे, नाही तर पसरली असता वर्तमानपत्राच्या एका पानाएवढी भरेल. वाचणे, बोलणे, हिशेब करणे, उद्याचा विचार करणे, ही कामे मुख्यतः तिची.

आता आपण म्हणाल, मग थॅलॅमस हा नुसता हमालच झाला! खालचा माल वर चढवायचा, एवढेच त्याचे काम. शास्त्रज्ञांनाही पुष्कळ वर्षे तसेच वाटत होते. पण मांजराच्या मेंदूत, थॅलॅमसच्या दृष्टीच्या भागात येणाऱ्या सांध्यांची मोजदाद झाली तेव्हा हिशेब भलताच निघाला. त्या भागात डोळ्याकडून येणारे सांधे शेकडा ५ ते १० इतकेच! आणि वरच्या बाह्यकाकडून उलट खाली येणारे सुमारे ३०. उरलेले आजूबाजूच्या, रोखून धरणाऱ्या पेशींचे आणि मेंदूच्या देठाकडून येणारे. म्हणजे पाहा, यवतमाळहून मूर्तिजापूरला कापसाचा एक डबा यावा, आणि मुंबईहून मूर्तिजापूरला तीन तारा याव्यात, असा हा प्रकार. ‘हे पाठवा, ते थांबवा, अमक्याची वाट पाहतो आहोत.’ आपण जे पाहतो, त्यात डोळ्याने आणलेले असते, आणि मेंदूने आधीपासून मागवलेलेही असते. अर्थात संख्या थोडी म्हणून डोळ्याचे महत्त्व कमी, असे समजू नका. डोळ्याचे ते थोडे सांधे दणकट असतात, मूळ माल त्यांचाच. बाह्यकाचे सांधे हळुवारपणे त्यात कमीजास्त करतात.

याचा अनुभव आपल्याला रोज येतो. बाजाराच्या दिवशी गर्दीत शंभर आवाज असतात, पण आपले नाव कोणी घेतले की मान वळते. शेतात झोपलेल्या माणसाला वाऱ्याचा घोंगाट जागे करत नाही. धुऱ्यावर रानडुकराची चाहूल लागली की तो ताडकन उठतो. आईचे तर विचारूच नका. आवाज तेच, कान तेच, पण कोणता पुढे सोडायचा याची निवड आत कोठे तरी होते.

ही निवड कोण करते? थॅलॅमसच्या भोवती शिंपल्यासारखे एक पातळ आवरण असते. त्यातील पेशींचे एकच काम, थॅलॅमसमधील पेशींना रोखणे. फलाटावरचा फाटकवालाच म्हणा. डी.एन.ए.च्या रचनेच्या शोधाबद्दल १९६२ साली नोबेल पारितोषिक मिळालेले फ्रान्सिस क्रिक पुढे मेंदूकडे वळले, आणि १९८४ साली त्यांनी असा तर्क मांडला की, हे आवरण म्हणजे ध्यानाचा झोत आहे. तो जिकडे वळेल तिकडचाच माल वर जाईल. त्या वेळी तो तर्कच होता. २०१५ साली न्यू यॉर्क येथे मायकेल हलासा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर प्रयोग केला. उंदरापुढे दिवाही लागे आणि आवाजही होई. या खेपेस कशाकडे लक्ष द्यायचे याची खूण त्याला आधी दिली जाई. दिव्याकडे लक्ष द्यायचे असले, की दृष्टीच्या वाटेवरील फाटकवाला ढिला पडे. आवाजाकडे द्यायचे असले, की तोच फाटकवाला दृष्टीची वाट आवळून धरी. आणि त्याला हुकूम येत होता तो बाह्यकाच्या पुढच्या, कपाळामागील भागाशी जोडलेल्या व्यवस्थेकडून. त्या भागाच्या कामात प्रयोग करणाऱ्यांनी व्यत्यय आणला, तेव्हा उंदीर चुकू लागले.

गुरुजनहो, आपण वर्गात दिवसातून किती वेळा म्हणतो, “काऊन रे, ध्यान कुठी हाये तुयं?” मीही म्हणत असे. मूर्तिजापूरजवळच्या एका खेड्यात तिसरीचा वर्ग माझ्याकडे होता. एक पोरगा भिंतीशी बसे. श्रुतलेखन घातले की निम्मे शब्द गाळी, निम्मे भलतेच लिही. ‘मठ्ठ’ हा शब्द मी त्याला वर्गादेखत वापरला आहे. त्या मुलाकडे मी पुढे येतो.

ध्यान हे नुसते ‘द्या’ म्हणून मिळत नाही. कशाकडे द्यायचे ते मेंदूला आधी माहीत असावे लागते, म्हणजे वरून खाली मागणी जाते. आपल्या भागातील एका माणसाला हे फार चांगले साधले होते. मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामाकडे ज्यांचे बालपण गेले, त्या गाडगेबाबांचे कीर्तन आठवा, किंवा ज्यांनी ऐकले त्यांच्याकडून ऐकले असेल ते आठवा. बाबा सांगत थोडे, विचारत फार. हजारोंच्या समुदायाला ते एकेक साधा प्रश्न टाकत, आणि समुदाय एका आवाजात उत्तर देई. प्रश्न पडला, की माणूस पुढच्या वाक्याची वाट पाहू लागतो. बाबांनी थॅलॅमस हा शब्द ऐकला नसणार. पण फाटक उघडवून मग माल पाठवायचा, ही त्यांची रीत होती. वर्गातही तसे करता येते. “आता मी धडा वाचतो, गप्प बसा,” असे म्हणण्यापेक्षा, “या धड्यात एक माणूस खोटे बोलतो, तो कोण ते ओळखा,” असे म्हणून वाचायला लागा, आणि फरक पाहा. उंदरावरील प्रयोगापासून तिसरीच्या वर्गापर्यंत मी उडी मारतो आहे, हे मला ठाऊक आहे. परंतु ही उडी करून पाहण्यास खर्च काही येत नाही.

येथवर झाली ती निवड. पण निवडलेले टिकते कसे? शिकणे म्हणजे मडक्यात पाणी भरणे नव्हे. मेंदूत काही भरले जात नाही, सांधे बदलतात. काही बळकट होतात, काही सैल पडतात.

थॅलॅमसचे काही भाग डोळा-कानाचा माल वर पाठवतात, हे आपण पाहिले. त्याच्या काही भागांचे काम मात्र निराळेच आहे. ते बाह्यकाच्याच एका भागाकडून माल घेतात आणि दुसऱ्या भागाकडे पाठवतात. म्हणजे मुंबईचा माल नागपूरला जायचा तोही मूर्तिजापूरला उतरून. यांना वरिष्ठ भाग म्हणू. २०१९ साली अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात उंदरांना असे शिकवण्यात आले की, मिशांवर हलकी झुळूक आली की थोड्या वेळाने प्यायला पाणी मिळते. उंदीर हे लवकर शिकतात. शिकण्याच्या अगदी आरंभीच, या वरिष्ठ भागाकडून बाह्यकात येणारे सांधे बळकट झालेले आढळले. आणि झुळूक व पाणी यांचा मेळ तोडला, झुळूक येते कधीही आणि पाणी मिळते कधीही असे केले, तर तसे घडले नाही. झुळूक तितकीच होती, पाणीही तितकेच होते. नव्हता तो दोहोंमधील संबंध. मला येथे आपल्या शाळांतील शाबासकी आणि छडी यांची आठवण होते. चांगले अक्षर काढल्यावर लगेच दिलेली शाबासकी आणि शनिवारी सगळ्यांना मिळून दिलेली शाबासकी, यांत अंतर आहे.

असाच आणखी एक प्रयोग २०१७ सालचा, हलासा यांचाच. ‘दिव्याकडे पाहा’ ही खूण मिळाल्यापासून प्रत्यक्ष दिवा लागेपर्यंत उंदराला ती आज्ञा मनात धरून ठेवावी लागते. ती धरून ठेवतो कपाळामागचा बाह्यक. पण थॅलॅमसचा एक भाग त्याला पाठीमागून टेकू देत नसेल, तर त्या पेशींतील ती आज्ञा विरून जाते. हातचा एक लक्षात ठेवून बेरीज पुरी करणाऱ्या मुलाच्या डोक्यातही धरून ठेवण्याचेच काम चालते. मधेच कोणी खेकसले की हातचा सुटतो.

सांधे बदलतात हे खरे, पण ते केवळ जागेपणी नव्हे. गाढ झोपेच्या आधीच्या टप्प्यात मेंदूत एक विशिष्ट तरंग उठतो. सेकंदाला ११ ते १५ हेलकावे, अर्धा ते दोन सेकंद टिकणारा. आधी बारीक, मध्ये फुगलेला, पुन्हा बारीक. कागदावर त्याची रेघ उमटली की ती चरख्याच्या चातीवर गुंडाळलेल्या सुतासारखी दिसते. म्हणून त्याला नावही चातीचेच आहे. ही चाती फिरते ती थॅलॅमस आणि त्याभोवतीचा तो फाटकवाला यांच्या देवघेवीतून. दिवसा काही नवे शिकल्यावर रात्री या चात्या वाढतात, आणि ज्यांच्या झोपेत त्या अधिक, त्यांना शिकलेले अधिक आठवते, असे पुष्कळ ठिकाणी आढळले आहे. तेव्हा परीक्षेच्या आदल्या रात्री मुलाला चहा पाजून पहाटेपर्यंत बसवून ठेवणारे आईबाप त्याचे भले करतात असे मला वाटत नाही. सूत कातायची वेळ तीच, आणि आपण चरखाच बंद पाडतो.

कोणी म्हणेल, हे सगळे लेकरांचे झाले. आमचे रूळ केव्हाच गंजले. तसेही नाही. २०१६ साली कॅलिफोर्नियात पूर्ण वाढलेल्या उंदरांना पंजाने दाणा उचलण्याची नवी युक्ती शिकवली. मेंदूत ज्या पेशी तो पंजा चालवतात, नेमक्या त्यांच्यावरचे थॅलॅमसकडून आलेले सांधे बळकट झाले. शेजारच्या पेशींवरचे झाले नाहीत. चाळिशीत शिवणयंत्र शिकणाऱ्या बाईने आणि पन्नाशीत सही शिकणाऱ्या गड्याने हे ऐकून ठेवावे. वेळ जास्त लागतो, हे खरे. पण वाट बंद नसते.

मात्र काही वाटा अशा आहेत की त्या वेळीच बांधाव्या लागतात. हे काम आईच्या पोटातच सुरू होते, आणि त्याविषयीचे एक महत्त्वाचे संशोधन आपल्या मुंबईतच झालेले आहे. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तेथे डॉ. शुभा टोळे यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह मेंदू घडतो कसा याचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांचा जन्म मुंबईचा, शिक्षण सेंट झेवियर कॉलेजात, पुढे अमेरिकेत. २०१० साली त्यांना भटनागर पुरस्कार आणि २०१४ साली इन्फोसिस पुरस्कार मिळाला. २०२१ साली त्यांच्या प्रयोगशाळेने प्रसिद्ध केलेले काम थोडे सविस्तर सांगतो, कारण ते मला फार विलक्षण वाटले.

उंदराचे पिलू आईच्या पोटात सुमारे वीस दिवस असते. पंधराव्या-सोळाव्या दिवशी थॅलॅमसकडून निघालेले तंतू बाह्यकाच्या खालपर्यंत येऊन पोहोचतात. आणि तेथे थांबतात! आत शिरत नाहीत. बाह्यकाच्या तळाशी पेशींचा एक थर असतो. त्याला आपण ओटा म्हणू. त्या ओट्यावर हे तंतू काही दिवस वाट पाहत बसतात, आणि जन्मानंतर आत जातात. जणू आउटर सिग्नलपाशी गाडी उभी आहे, आत फलाट अजून बांधून व्हायचा आहे.

हा सिग्नल कोण देते? टोळे यांच्या गटाने असे पाहिले की, एल.एच.एक्स.टू. नावाचे एक जनुक आहे. या ओट्याच्या पेशी ज्या मूळ पेशींपासून जन्मतात, त्या मूळ पेशींत अकराव्या-बाराव्या दिवशी हे जनुक नसले, तर ओट्याच्या पेशी जागच्या जागी दिसतात खऱ्या, पण अपुऱ्या, कच्च्या राहतात. मग थॅलॅमसचे तंतू वाट पाहत नाहीत; घाईघाईने, झुंडीने, वेळेआधीच बाह्यकात शिरतात. आपल्याला वाटेल, लवकर पोहोचले तर बरेच झाले! पण जन्मानंतर सातव्या दिवशी पाहिले तर ते संबंध जवळजवळ नाहीसे झालेले. थॅलॅमसचा तो भाग सुकलेला. आणि उंदराच्या मिशांचा जो नकाशा बाह्यकावर उमटायला हवा, तो उमटलेलाच नाही. याहून नवल असे की, ओट्याच्या पेशी एकदा जन्मल्यानंतर तेच जनुक काढले, तर काही बिघडत नाही. जे व्हायचे ते त्यांच्या जन्माआधी, मूळ पेशींतच ठरून गेलेले असते.

माणसाच्या गर्भातही असा ओटा असतो आणि तंतू तेथे थांबतात, मधल्या महिन्यांत. मात्र एक गोष्ट येथेच सांगून ठेवतो. हे काम उंदरावरचे आहे, जनुकाविषयीचे आहे. यावरून गरोदर बाईने अमुक ऐकावे आणि तमुक वाचावे, असे सांगून पैसे घेणारा कोणी भेटला, तर त्याला बाहेरची वाट दाखवावी. तिला पोटभर अन्न, लोहाच्या गोळ्या आणि विसावा मिळाला तर आपले काम झाले.

मूल जन्मले की पुढची बांधणी बाहेरून येणाऱ्या मालावर चालते. १९६० च्या सुमारास अमेरिकेत डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल या दोघांनी मांजराच्या पिलांचा एक डोळा काही आठवडे मिटून ठेवला. नंतर उघडला. डोळा उत्तम होता. थॅलॅमसमधील पेशी थोड्या आक्रसल्या होत्या, पण त्या डोळ्याला उत्तर देत होत्या. बाह्यकातील पेशींनी मात्र त्या डोळ्याची ओळखच सोडली होती. त्याची जागा दुसऱ्या डोळ्याने बळकावली होती. मोठ्या मांजराचा डोळा तितकेच दिवस मिटला तर असे काही होत नाही. या कामासाठी त्यांना १९८१ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

ही गोष्ट मांजरापुरती नाही. एखाद्या मुलाचा एक डोळा तिरळा असतो, किंवा त्या डोळ्याचा नंबर फार मोठा असतो, किंवा जन्मतः मोतीबिंदू असतो. दुसरा डोळा चांगला, म्हणून मुलाची तक्रार नसते. पण त्या आळशी राहिलेल्या डोळ्याची बाह्यकातील जागा हळूहळू जाते. सहा-सात वर्षांच्या आत चष्मा, चांगल्या डोळ्यावर काही तास पट्टी, आणि जन्मतः मोतीबिंदू असेल तर त्याहून पुष्कळच आधी, शक्य तितक्या लवकर शस्त्रक्रिया, असे उपाय झाले तर जागा पुष्कळशी परत मिळते. पुढे ते कठीण होत जाते. तिरळेपणा ‘भाग्याचा’ म्हणून सोडून देणारी घरे मी पाहिली आहेत. पहिलीत आलेल्या प्रत्येक मुलाला एकेक डोळा तळहाताने झाकून फळ्यावरचे वाचायला लावणे, एवढे तर कोणालाही जमेल.

आणि कान. येथे मी त्या भिंतीशी बसणाऱ्या मुलाकडे येतो.

एके दिवशी श्रुतलेखनाच्या वेळी मी चिडून त्याच्या अगदी जवळ गेलो आणि शब्द मोठ्याने, हळू हळू सांगितले. त्याने दहापैकी आठ बरोबर लिहिले. मी बुचकळ्यात पडलो. “मघाशी काऊन नाही लिहिलं बे?” तो खाली पाहत म्हणाला, “गुर्जी, मले तिकून आयकू येत नाही जी.” त्याचा उजवा कान वाहत होता, दोन वर्षांपासून, डाव्यानेही मंदच येई. आणि मी त्याला बसवला होता तो डाव्या भिंतीला लागून. म्हणजे बरा कान भिंतीकडे, वाहता कान माझ्याकडे. घरी विचारले तर आई म्हणाली, “कान वायते जी त्याचा, कोमट तेल टाकतो ना आमी.”

फाटकवाला जागा होता, मुंबईची मागणी होती. यवतमाळहून माल येतच नव्हता. आणि मी मूर्तिजापूरच्या स्टेशनमास्तरला शिव्या देत होतो.

लहानपणी ऐकू कमी आले, तर बिघाड कानापुरता राहत नाही. जर्बिल नावाच्या वाळवंटी उंदरांच्या पिलांवर प्रयोग झाले आहेत. त्यांची श्रवणशक्ती गेली, तेव्हा थॅलॅमसकडून निरोप घेणाऱ्या बाह्यकातील सांध्यांचे वागणेच पालटले. म्हणून वाहता कान ‘मोठा झाला की बरा होईल’ असे म्हणून वाट पाहू नये. त्यात तेल टाकू नये, काडी घालू नये, अंघोळीचे पाणी जाऊ देऊ नये; डॉक्टरला दाखवावा.

२०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी पथकाने गावात येऊन करावी, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा, अशी ती योजना आहे, आणि पुढच्या उपचारासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवण्याची सोयही तीत आहे. पण पथकाला एका दिवसात अनेक मुले तपासायची असतात. मुलाला वर्षभर पाहिलेले असते ते आपण. पथक येण्याआधी एक कागद करून ठेवा: कोण फळ्याजवळ सरकून बसते, कोण पुस्तक नाकाशी धरते, कोण हाक मारल्यावर एकाच बाजूने वळते, कोण “काय?” असे वारंवार विचारते, कोणाचा कान वाहतो. तो कागद पथकातील डॉक्टरांच्या हाती द्या. घरचे लोक दवाखान्यात जायला कचरत असतील, तर त्यांच्याबरोबर एक खेप आपण करावी. मी केली. पहिल्या खेपेला त्या मुलाचा बाप दारातच बसून राहिला, आत आला नाही. दुसऱ्या खेपेला तोच पुढे होऊन डॉक्टरांशी बोलला.

त्या मुलाचा कान औषधाने कोरडा झाला. ऐकू पूर्ववत आले असे मी म्हणणार नाही, आणि मागे पडलेली दोन वर्षे काही एका महिन्यात भरून आली नाहीत. चौथीतही तो जोडाक्षरांत अडखळे. त्याला मी उजव्या भिंतीकडे, पहिल्या ओळीत बसवला, म्हणजे डावा कान माझ्याकडे आला. मी फळ्याकडे तोंड करून बोलण्याची सवय सोडली. ती सोडायला मला, खरे सांगतो, त्याच्याहून जास्त दिवस लागले. दिवाळीच्या सुटीनंतर एकदा मी धडा वाचताना एक ओळ गाळली. वर्गात कोणाच्या लक्षात आले नाही. तो उभा राहिला आणि म्हणाला, “गुर्जी, मधली वळ राह्यली जी.”